पाठीमागून वाजणारा खुळखुळा

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. मित्रांनो, मी एक जुना लाकडी खुळखुळा आहे, आणि सातारा-सांगली भागात माझ्याइतक्या माना आजवर कुणी वळवलेल्या नाहीत. निवडणुकीला उभे राहणारे घसा बसेपर्यंत ओरडतात, तरी माणसं खाली मान घालून चहा पीत राहतात. मी नुसता एकदा हललो की मान वळते. अशा बावन्न हजार माना झाल्या. कुणी मोजल्या म्हणून विचारू नका. मीच मोजल्या.

माझा जन्म सांगलीचा. हळदीच्या पेठेत जयपाल मगदूम नावाचे एक व्यापारी होते. त्यांना मुलगी झाली, म्हणून त्यांनी एका म्हाताऱ्या सुताराकडून मला करवून घेतलं. अंगावर लाल आणि पिवळा रंग चढवला. तो सुतार मला करताना सात दिवस जेवला नाही आणि माझ्या पोटात त्याने सात मोती भरले, असं मी सगळ्यांना सांगतो. ती मुलगी म्हणते, मोती नाहीत, तुरीचे दाणे आहेत. ती डॉक्टर झाल्यापासून प्रत्येक गोष्टीत असं बोलते.

ती मुलगी म्हणजेच तुमच्या या डॉक्टरबाई, कीर्ती मगदूम. लग्न करून वडूजला आल्या, लहान मुलांचा दवाखाना काढला आणि मला टेबलाच्या खणात ठेवलं.

एकदा जतला तपासणीचं शिबिर होतं. तिथे मी पिशवीतून पडलो. एका मेंढपाळाने मला उचलून सहज हलवलं, तर त्याची तीनशे मेंढरं माझ्या मागे चालू लागली. चालत चालत आम्ही पार कर्नाटकात गेलो. तीन दिवसांनी परत आलो तेव्हा मी कानडीत वाजत होतो. हसू नका. अजूनही पावसाळी हवेत माझ्या आवाजात थोडी कानडी येते.

असो. माझं काम काय, ते नीट ऐका, कारण ते खरं आहे.

गुरुवार हा दवाखान्यात डोसाचा, म्हणजे लस द्यायचा वार. नऊ महिन्यांचं बाळ आलं की आई त्याला मांडीवर घेऊन बसते. दवाखान्यातल्या अंजनाबाई आधी पंखा बंद करतात, दार लोटतात, आणि बाळासमोर बसून एक लाल वाटी दाखवतात. बाळ वाटीकडे बघत असतं. तेवढ्यात डॉक्टरबाई गुपचूप मागून येतात, बाळाला दिसणार नाही अशा बेताने मला कानापासून हातभर अंतरावर धरतात आणि हळूच हलवतात. बाळाने माझ्याकडे मान वळवली की झालं. एवढंसं काम आहे. पण त्या एका क्षणाला खोलीत कुणी श्वास घेत नाही. मला तर दर वेळी धडकी भरते. आपण वाजलो आणि मान वळली नाही तर? बावन्न हजार वेळा मला ही भीती वाटलेली आहे.

डोस दिल्यावर अर्धा तास बाळाला दवाखान्यातच थांबवायचं असतं. पूर्वी त्या अर्ध्या तासात सगळे मोबाइल बघायचे. मग डॉक्टरबाईंनी त्याच वेळात पालकवर्ग सुरू केला. फळा नाही, पुस्तक नाही. आज तुम्ही बसला आहात त्याच सतरंजीवर सगळ्यांना बसवायचं आणि अंजनाबाईंनी सांगायचं. बाळाशी बोला, खेळा, जे काम कराल ते त्याला सांगत राहा. वर्ग म्हटल्यावर आधी कुणी बसेना. एक आजी तर म्हणाल्या, "मी सहा पोरं वाढिवली, आता ह्या वयात शाळेत बसवताय व्हय मला?" अंजनाबाई म्हणाल्या, "आवं, तुमी शिकायला न्हाई, शिकवायला बसा." आजी बसल्या त्या उठेनात.

तर अशाच एका गुरुवारी साक्षी आली. नवरा विश्वजीत फौजेत, तिकडे लांब जम्मूला. घरात ती, तिचे सासरे मानसिंगआबा आणि नऊ महिन्यांचा शिवतेज. सासू नव्हती. आबा बरोबर आले होते, पण आत न येता दाराबाहेरच्या बाकावर बसले होते.

पंखा बंद झाला. अंजनाबाईंनी वाटी धरली. मी वाजलो.

शिवतेज वाटीकडेच बघत राहिला.

डॉक्टरबाईंनी मला दुसऱ्या कानाकडे नेलं. मी वाजलो. पोरगं वाटी धरायला हात पुढे करत होतं, हसत होतं, पण वळत नव्हतं. मित्रांनो, मी त्या दिवशी माझं सगळं कसब लावलं. कानडीतसुद्धा वाजलो.

"झोप झाली न्हाई त्याची," साक्षी घाईने म्हणाली. "सकाळधरनं कुरकुर करतुया."

"असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा मला वाजवलं. मान वळली नाही.

त्यांनी मला टेबलावर ठेवलं. मला फार वाईट वाटलं. वाटलं, माझाच आवाज गेला असेल. तसं असतं तर बरं झालं असतं.

"सर्दी असते का याला सारखी?" त्यांनी विचारलं.

"हिवाळ्याधरनं नाक वाहतंय. पन पोरांचं वाहतंयच की."

"घरात काही आवाज काढतो का? बाबाबा, दादादा असं?"

साक्षी पदराने पोराचं नाक पुसू लागली. बाहेरून आबांचा आवाज आला, "आमच्यात पोरं उशिरानंच बोलत्यात, डॉक्टर. ह्याचा बाप तीन वर्सं मुका हुता. आता फौजेत आरडून कवायत घेतोय."

"आबा, मी बोलायचं विचारत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ऐकायचं विचारते. बोलायला उशीर झाला तर थोडं थांबता येतं. ऐकण्याला थांबता येत नाही. सांगलीला यंत्रावर तपासून घेऊ."

साक्षीने पोराला छातीशी असं धरलं, जणू कुणी त्याला ओढून न्यायला आलं होतं.

डोस दिल्यावर अर्धा तास थांबायचं होतंच. अंजनाबाईंनी तिला सतरंजीवर बसवलं आणि विचारलं, "दिवसभर काय बोलतीस गं ह्याच्यासंगं?"

"काय बोलायचं? त्येला कुठं काय कळतंय."

"कळतंय न कळतंय, तू सांगत ऱ्हायचं. बाळा, बघ, मी कांदा चिरतीया. बाळा, बघ, मी पानी वततीया."

"लोक म्हनतील, येडी झाली."

"घरात कोन लोक आल्यात?"

साक्षी खाली बघून हळूच म्हणाली, "आबा असत्यात की. ते सोप्यात आलं की खाकारत्यात. मग मी गप ऱ्हाते."

आता ही रीत तुम्हाला ठाऊक नसेल. घरातला मोठा पुरुष आत येताना बाहेरच्या सोप्यातूनच खाकरतो. सुनेला कळावं, तिने पदर सावरावा, म्हणून. पण साक्षीला वाटायचं, आपलं पोराशी लाडाचं बोलणं आबांना खपत नाही, म्हणून ते खाकरतात. आबा दिवसातून वीस वेळा आत-बाहेर करायचे आणि वीस वेळा घर गप्प व्हायचं. मग ती पोरापुढे मोबाइल लावून द्यायची, तोही आवाज बंद करून.

दाराबाहेर बाक कुरकुरला. आबा उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

"मी खाकारतो ते तू सावध व्हावीस म्हनून," ते सुनेला म्हणाले. "गप बसावीस म्हनून न्हवं. मला तर वाटायचं, माझी सूनच घुमी हाय."

सतरंजीवरच्या बायका पदराआड हसल्या. अंजनाबाई हसल्या नाहीत. "आवं आबा, मग आत येताना खाकारू नगा. एखादं गानं म्हना."

"गानं मला येत न्हाई."

"मग बोला कायतरी पोरासंगं."

"त्येबी येत न्हाई," आबा म्हणाले.

पुढल्या आठवड्यात विश्वजीत सुट्टीवर आला. सांगलीची तारीख मिळाली. त्या तपासणीत बाळाच्या डोक्याला तारा चिकटवून कानात आवाज सोडतात, आणि बाळ गाढ झोपलेलं लागतं. म्हणून डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, की सकाळपासून त्याला झोपू देऊ नका. आणि त्याला जागं ठेवायला त्यांनी साक्षीच्या हातात मला दिलं. "हलवून दाखव, हातात दे. आवाज नसला तरी रंग दिसतो."

आवाज नसला तरी. हे शब्द माझ्या लाकडात रुतले.

वडूजहून एसटी निघाली. आबाही बरोबर होते. मागे दोघांना जागा सोडून ते पार पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. मायणी येईपर्यंत साक्षी मला शिवतेजच्या नाकापुढे नाचवत होती. त्याचे डोळे मिटत होते. ती त्याचे तळवे चोळत होती, खिडकीचा वारा लावत होती, आणि विश्वजीत शेजारी हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता.

"घ्या की वाइच. माझं हात भरून आल्यात."

"आबा हायत फुडं."

मित्रांनो, ही आणखी एक रीत. आपल्या वडिलांच्या देखत आपलं लेकरू उचलून घ्यायचं नाही, त्याचे लाड करायचे नाहीत. विश्वजीतने नऊ महिन्यांत पोराला घरामागे, गोठ्यात असं चोरून घेतलं होतं, तेही मागच्या सुट्टीत.

"आबा बघत न्हाईत," साक्षी म्हणाली.

खरंच बघत नव्हते. विश्वजीतने पोराला घेतलं. विट्याच्या अलीकडे मोठा खड्डा आला, गाडी उडाली, शिवतेज जोरात रडला, मी खाली पडून बाकांखालून गडगडत पुढे गेलो. सगळ्या एसटीने वळून बघितलं. आबांनी वळून बघितलं नाही. मी जाऊन त्यांच्याच पायाला लागलो. त्यांनी वाकून मला उचललं आणि मान न वळवता, तसाच हात मागे करून मला धरून ठेवलं, कुणीतरी येऊन न्यावं म्हणून. आपण बघितलं तर मुलगा पोराला खाली ठेवील, हे त्यांना माहीत होतं. सांगलीपर्यंत, अडीच तास, त्या माणसाने समोरची काच सोडली नाही.

सांगलीला पोचलो आणि शिवतेज टक्क जागा झाला.

चार तास ज्याला जागं ठेवायला आम्ही धडपडलो, त्याला आता कुणी झोपवू शकेना. साक्षीने पाजलं, थोपटलं, पदराखाली घेतलं. तो पदर बाजूला करून दिवे बघत होता. तपासणाऱ्या बाई दोनदा डोकावून गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "साडेचारपर्यंत झोपला तर करू. नाहीतर पुढची तारीख तीन आठवड्यांनी."

विश्वजीतची सुट्टी आठ दिवसांनी संपत होती. साक्षीचा चेहरा बघवेना. "तुमी नसताना मी एकलीनं ऐकू व्हय, काय ते?" ती म्हणाली.

भिंतीवर सव्वाचार वाजले होते. विश्वजीतने पोराला खांद्यावर घेतलं. आबा समोरच उभे होते. त्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं. आबा वळून भिंतीवरचा तक्ता वाचू लागले. तो इंग्रजीत होता आणि आबांना इंग्रजी येत नाही.

विश्वजीत येरझारा घालू लागला. त्याला अंगाई कुठली येणार? त्याने पोराचं डोकं आपल्या छातीशी धरलं आणि त्याच्या जम्मूच्या रेल्वेच्या वाटेवरची स्टेशनं म्हणायला लागला. दौंड. मनमाड. भुसावळ. खांडवा. इटारसी. भोपाळ. एकेक स्टेशन सावकाश, जाड आवाजात, छातीतून. झाशीला शिवतेजचा हात सैल पडला. त्याला ऐकू येत होतं म्हणून झोपला, की छाती थरथरत होती म्हणून, की नुसता दमला म्हणून, ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. ग्वाल्हेरला दार उघडलं आणि त्याला आत नेलं.

मी आत नव्हतो. मी साक्षीच्या मुठीत होतो आणि तिने मला इतकं घट्ट दाबलं होतं, की माझ्या पोटातले मोती हलले नाहीत.

निघालं ते असं. कानाची आतली नस चांगली होती. पण सर्दीचं पाणी पडद्यामागे साचलं होतं, दोन्ही कानांत. परत आल्यावर डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं, "त्याला ऐकू येतं, पण गोधडी पांघरून ऐकल्यासारखं. बहुतेकांचं हे पाणी आपोआप ओसरतं. तीन महिने वाट बघू. नाही ओसरलं तर छोटं ऑपरेशन लागेल. पण हे तीन महिने घर गप्प राहता कामा नये. याच्यासमोर बसा, तोंड दिसेल असं बसा, जवळून बोला. गोधडीतून जेवढं जाईल तेवढं जाऊ दे."

"कोन बोलायचं?" आबांनी विचारलं.

"घरात आहे कोण?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

आठ दिवसांनी विश्वजीत गेला. मला साक्षीच्या घरीच ठेवलं होतं, म्हणून पुढचं मला माहीत. पहिल्या दिवशी आबा न खाकरता आत आले. साक्षी पोराला सांगत होती, "बाळा, बघ, मी कांदा चिरतीया," आणि आबांना बघून ती तोंडाला पदर लावून थांबली. आबा उभे राहिले. जायला वळले. परत फिरले.

"का थांबलीस?" ते म्हणाले. "कांद्याचं फुडं काय झालं?"

त्या दिवसापासून ते रोज शिवतेजसमोर मांडी घालून बसायचे, वीतभर अंतरावर तोंड आणून. बाळाशी काय बोलतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते पाराजवळच्या म्हाताऱ्यांशी बोलावं तसं बोलायचे. "काय गड्या, मायनीच्या बाजारात शेरडं लय म्हाग झाल्यात. वाऱ्यानं शाळू लोळला बघ. तुजं काय म्हननं हाय?" आणि थांबायचे. अंजनाबाईंनी सांगितलं होतं, विचारलं की थांबायचं, त्याची पाळी येऊ द्यायची. आबा थांबायचे. शिवतेज त्यांच्या मिशा बघायचा. उत्तर यायचं नाही. "बरं, इचार करून सांग," असं म्हणून आबा उठायचे.

एक महिना गेला. दोन गेले. साक्षी रोज मला त्याच्या मागून वाजवून बघायची. डॉक्टरबाईंनी नको म्हणून सांगितलं होतं, तरी. कधी वाटायचं मान हलली, कधी वाटायचं माशी बसली म्हणून हलली. मग ती मला फळीवर ठेवून द्यायची आणि दोन-दोन दिवस माझ्याकडे बघायची नाही. मी धूळ खात पडायचो. ती रागावली नव्हती, मित्रांनो, घाबरली होती.

तीन महिने झाले. आम्ही पुन्हा वडूजला आलो. याच खोलीत.

आता शेवटचं ऐका. अंजनाबाईंनी पंखा बंद केला. साक्षीने पोराला मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले. डॉक्टरबाई मागे गेल्या. मी मनात म्हटलं, बाबा रे, बावन्न हजार माना वळवल्यास, त्या सगळ्या परत दे, पण ही एक वळव. आणि मी वाजलो. असा वाजलो की स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी गाड्या सुरू केल्या, खटाव तालुक्यातली झोपलेली पोरं उठून बसली, तिकडे जतला तीनशे मेंढरांनी कान टवकारले. आणि शिवतेजची मान वळली. सरळ माझ्याकडे.

म्हणून सांगतो, मित्रांनो, घरात लहान भावंड असेल तर त्याच्याशी बोला. आपल्याला बोलता येतं म्हणजे कुणीतरी आपल्याशी आधी बोललेलं असतं. आणि एखाद्याची मान वळली नाही तर उशिरानं वळेल म्हणत बसू नका, तपासून घ्या. आणि माझ्यासारख्या जुन्या खुळखुळ्याला, ज्याने स्वतःच्या आवाजाने त्या लेकराला—

"खोटं."

हा आवाज सतरंजीच्या टोकाकडून आला. तिथे आईला टेकून शिवतेज बसला होता. आता तो पाच वर्षांचा आहे आणि आज धाकट्या बहिणीच्या डोसाला आला आहे.

"खोटं बोलतुया ह्यो. आईनं सांगितलंय मला. डॉक्टरबाईंनी ह्येला अजून उचलला बी नव्हता. आबा भाइरनं आईला म्हनलं, आटपा लवकर, येष्टी चुकंल, तवा मी वळलो. ह्यो नुसता टेबलावर पडला हुता."